चलनातला हात

बेकरीवाल्या काकूंनी नोट परत केली. नीट बघितलीसुद्धा नाही. काउंटरवरून दोन बोटांनी नुसती पुढे सरकवली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाल्या, "आज हात नको, ताई. रोख असेल तर द्या." पाव तोवर तिच्याकडे आला होता, गरम, कागदातूनही चटका देणारा. मागे सलूनवाला उभा होता, त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं. तिनं नोट उचलली, पिशवीच्या तळाशी चाचपून नाणी काढून दिली आणि बाहेर पडली. एवढंच झालं. यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? एखाद्या दुकानात एखादे दिवशी नोट घेत नाहीत. फाटकी म्हणून घेत नाहीत, सुटे नाहीत म्हणून घेत नाहीत. पण रस्ता ओलांडताना तिच्या लक्षात आलं, की आपले कान तापलेत आणि उजवा तळवा आपण पिशवीआड लपवलाय, जणू त्यालाच कुणीतरी झिडकारलंय. आणि एका अर्थानं ते खरंच होतं. त्या नोटेवर छापलेला हात तिचाच होता.

तिची प्रेस रस्त्याच्या वळणावर, दातांच्या दवाखान्याखाली. बाहेरच्या पाटीवर 'प्रेस' एवढाच शब्द शिल्लक होता, अलीकडची पलीकडची अक्षरं वडिलांच्या वेळीच उडून गेली होती. त्यामुळे या भागात नवीन राहायला आलेलं कुणी ना कुणी अधूनमधून शर्टांचं गाठोडं घेऊन यायचं आणि विचारायचं, इस्त्रीला काय घेता? पूर्वी ती चिडायची. हल्ली पत्रिका आणि बिलबुकं छापून घेणारी माणसं रोडावल्यावर तिला वाटायचं, बाबांनी इस्त्रीच टाकली असती तर चार घास जास्त मिळाले असते. दार उघडून ती आत आली. पाव खिळ्यांच्या केसवर ठेवला. शिशाचे खिळे जुळवून अक्षर उभं करण्याचे दिवस कधीच सरले होते, पण केस तिनं काढली नव्हती. ती आता टेबलासारखी वापरली जायची. शाईचा, रॉकेलचा, जुन्या कागदाचा वास. या वासात ती वाढली होती. मोठी झाली होती, आणि मग मोठं होण्याच्याही पुढे गेली होती, ज्याला वय झालं म्हणतात तिथवर. खुर्चीत बसून तिनं ती नोट समोर ठेवली. हिरव्या शाईतला पंजा, बोटं किंचित फाकलेली, करंगळीच्या खाली एक जाडसर रेघ. 'एक हात' असं खाली लिहिलेलं. चांगली छपाई होती. काठ कुठं फुटला नव्हता, शाई कुठं बसली नव्हती. मग काकूंना नको का झाली?

पुलापलीकडे ते मोठं दुकान उघडल्यापासून रस्ता आटत चालला होता. काचांचं, आत सरकते जिने असलेलं, सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली. लोक तिकडे गार वाऱ्यात फिरायला म्हणून जायचे आणि येताना पिशव्या भरून आणायचे. इकडे टेलरमास्तर दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपायला लागले, सलूनवाला स्वतःचीच दाढी दिवसातून दोनदा कोरायला लागला. रस्ता मेला असं कुणी म्हणत नव्हतं. आजारी माणसासमोर त्याच्या आजाराचं नाव घेत नाहीत तसं. आणि मग टेलरमास्तरांच्या सुनेनं सगळ्यांना दातांच्या दवाखान्यात बोलावलं. तिथंच, कारण एवढ्या खुर्च्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र, त्याखाली अख्खा रस्ता गुडघे जुळवून बसलेला, सवयीनं तोंडं मिटून. सून उभी राहिली. तिशीची, बुटकी, बोलताना गळ्यातल्या टेपची टोकं ओढत राहणारी. "मला दाढ भरून घ्यायचीय, पण रोख नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना पडदे शिवून हवेत, त्यांच्याकडेही रोख नाही. म्हणजे दाढ आहे, भरणारा आहे. खिडकी आहे, शिवणारी आहे. आणि तरी आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलोय. का? तर मधे फिरणारा कागद नाही. मग तो कागद आपणच काढला तर?"

"आणि तो घेऊन मी पुलापलीकडे गेलो तर?" सलूनवाल्यानं विचारलं.

"तर तिथला माणूस तुम्हाला हसेल."

"मग त्याचा उपयोग काय?"

"तोच उपयोग. तो तिकडे चालणारच नाही. इथल्या इथं फिरत राहील. आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे, परवा डॉक्टरांकडे."

डॉक्टर खाकरले. एक नोट म्हणजे एका मोठ्या पावाची किंमत, असं ठरलं, कारण पावाची किंमत सगळ्यांना तोंडपाठ होती. प्रत्येक दुकानाला सुरुवातीला सारख्याच नोटा मिळणार आणि प्रत्येकानं त्या घ्यायच्या. ज्याच्या दुकानात घेतल्या जातील त्यानं दाराशी हिरवी पट्टी लावायची. नाव काय द्यायचं यावर मात्र बरंच भांडण झालं. कुणी म्हणालं फूल, कुणी म्हणालं पान, एकानं तर चक्क आपल्या सासऱ्यांचं नाव सुचवलं. शेवटी बेकरीवाल्या काकू, ज्या तोवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, डोळे न उघडताच म्हणाल्या, "हात म्हणा. दुसरं आपल्याकडे आहे काय?" आणि मग सलूनवाला, जो चाळिशी उलटूनही बिनलग्नाचा होता, म्हणाला, "म्हणजे मला दोन हात कुणी दिले की मी चतुर्भुज! इतकी वर्षं उगाच स्थळं बघत बसलो." दवाखाना हसला. सूज आलेला गाल धरून कोपऱ्यात बसलेला पेशंटसुद्धा हसला आणि मग कळवळला.

तीही हसली होती. पण तिला आत कुठंतरी टोचलं होतं. हात. कुणापुढे हात पसरू नये, हे वाक्य तिनं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. आई ते दिवसातून कितीदा म्हणायची; शेजारून विरजण आणायची वेळ आली तरी म्हणायची. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि ते दिवस लांबत गेले, तेव्हा लोक यायचे. दारात उभे राहायचे, चपला न काढता. म्हणायचे, काही लागलं तर सांगा हं. ती म्हणायची, हो हो, नक्की. लागत सगळंच होतं. आईला कुशीवर वळवताना दुसरं माणूस लागत होतं. दुपारी तासभर कुणी बसलं असतं, तर तिला आंघोळीला दार लावून जाता आलं असतं. पण 'काही लागलं तर सांगा' याला उत्तर द्यायची रीत तिला कुणी शिकवली नव्हती. काय म्हणायचं? उद्या तीन ते चार या आणि माझ्या आईचं अंग पुसा? त्या बोलण्यात एक दार उघडं असतं खरं, पण ते आपल्या बाजूनं ढकलायचं असतं, आणि आपले हात तर आधीच भरलेले असतात. आई गेल्यावर सगळे म्हणाले, एकटीनं केलंस, धन्य आहे तुझी. ती धन्यता घेऊन ती प्रेसमध्ये परत आली आणि मशीन सुरू केलं. तेव्हापासून कुणी विचारलं, कशी आहेस, तर ती म्हणते, मला काय धाड भरलीय.

नोटा छापायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. पंजाचं चित्र काढून द्यायचं डॉक्टरांच्या मुलीनं कबूल केलं होतं, पण ती मुलगी परीक्षेत अडकली. दिवस जवळ आला. मग एका सकाळी प्रेसमध्ये तिनं स्वतःच्याच तळव्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. शाई गार होती, दाट. रूळ तळव्यावरून फिरवताना अंगावर शहारा आला. त्या हाताला इतक्या लक्षपूर्वक कुणी, तिनं स्वतःनंही, कधी हाताळलं नव्हतं. कागद उचलून बघितला तर त्यावर एक अनोळखी, बरंच काम केलेलं, पण देखणं काहीतरी उमटलं होतं. त्याचा ब्लॉक बनवला. सुनेला सांगितलं, तेव्हा ती टाळ्या वाजवत सुटली. पुढच्या सोमवारी नोटा बाहेर पडल्या. सुनेनं सलूनमध्ये पहिली नोट दिली, सलूनवाल्यानं ती कपाळाला लावून आरशाला चिकटवली, आणि मग सगळ्यांनी ओरडून ओरडून ती परत काढायला लावली, अहो, फिरवायचीय ती! पहिले काही आठवडे रस्त्याला जत्रेची कळा आली. जो तो दुसऱ्याच्या दुकानात. डॉक्टरांच्या खिडक्यांना पडदे आले. सुनेची दाढ भरली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास घेणारे सर, ज्यांचे केस कॉलरखाली उतरले होते, ते एके दिवशी इतके चकाचक होऊन आले की त्यांच्याच शिष्यांनी त्यांना ओळखलं नाही. आणि तिच्याकडे कामं येऊ लागली. कार्डं, लेबलं, सरांच्या कार्यक्रमाची पत्रकं. गल्ल्यात पडणाऱ्या नोटेला कधी मैद्याचा वास असायचा, कधी दवाखान्यातल्या लवंगेचा. आपला हात कुठं कुठं जाऊन आलाय, असं तिला वाटायचं आणि ती एकटीच हसायची.

आणि आता काकू म्हणत होत्या, हात नको.

दुपारपर्यंत ही बातमी रस्ताभर झाली. बेकरीत हात चालत नाहीत. सलूनवाल्यानं मुद्दाम सांगितलं नसणार, पण त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जितका वेळ हातात असतं तितका वेळ त्याचं तोंड चालतंच. पावाला जी नोट चालत नाही, ती कशाला चालणार? चपला शिवणाऱ्यानं हिरवी पट्टी काढली. गाण्याच्या सरांनी शिष्यांना निरोप धाडला, या महिन्याची फी रोख. टेलरमास्तरांची सून प्रेसमध्ये आली, ती आल्या आल्या कागदांच्या गठ्ठ्यावरच बसली. डोळे सुजलेले होते.

"संपलं, ताई," ती म्हणाली. "सासूबाई सकाळपासून हसतायत. म्हणतात, भातुकली आवरा आता."

"काकू काय म्हणाल्या तुला?"

"मैदा हातांनी येत नाही, म्हणाल्या. बरोबरच आहे हो त्यांचं. मैदेवाला रोखच मागतो. पाव सगळ्यांना लागतो, त्यामुळे सगळ्यांच्या नोटा शेवटी त्यांच्याकडेच जातात. डबा भरलाय त्यांचा. त्यांनी त्या खर्च कुठं करायच्या? मी म्हटलं, कपडे शिवून घ्या. तर म्हणाल्या, मला काही नको. केस? नको. दात? नको. मग मी तरी काय करू? शनिवारच्या बैठकीत सांगून टाकते, बंद करू या."

मला काही नको. शब्द काकूंचे होते, पण तिला ते आपल्याच आवाजात ऐकू आले. तोच सूर, शेवटच्या अक्षरावर दार लावून घेणारा. ती खिडकीतून बेकरीकडे बघत राहिली. काकूंचे पती, ज्यांना सगळे नुसते काका म्हणायचे, पूर्वी पहाटे त्या दारात उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारायचे. मागच्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिला महिनाभर सगळे जाऊन आले. तीही गेली होती. दारात उभी राहिली होती. आणि काय म्हणाली होती? काही लागलं तर सांगा हं, म्हणाली होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"मी जाऊन येते त्यांच्याकडे," ती म्हणाली.

सुनेनं मान वर केली. बैठकांमध्ये जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती बाई हे म्हणत होती. "तुम्ही? काय सांगणार तुम्ही त्यांना?"

"काही नाही. विचारणार."

बेकरी दुपारी बंद असते. मागच्या जिन्यानं वर गेलं की घर. जिना चढताना तिला वाटलं, परत फिरावं. कुणाच्या उंबऱ्यात आपण असे बिनकामाचे कधी गेलोय? काकूंनी दार उघडलं ते निम्मंच. नोटेवरून भांडायला आली असं त्यांना वाटलं असणार, कारण त्या आधीच म्हणाल्या, "ताई, माझ्यावर रागवू नका. माझा नाइलाज आहे."

"रागवायला नाही आले. बसायला आलेय." आणि तिनं चपला काढल्या.

खोली खालच्या भट्टीमुळे उबदार होती. खिडकीशी खुर्चीत काका बसले होते. तिनं त्यांना लगेच ओळखलंच नाही. दाढी छातीपर्यंत नव्हती, पण वाढून गुंता झालेली, एका गालावर चिकटपट्टी. डोळे मात्र तेच. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली. काकूंनी चहा टाकला. ती बसून राहिली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, आणि ठरवलेलं नव्हतं म्हणूनच कदाचित शांतता तिला खुपली नाही. काकू चहा देऊन समोर बसल्या, पदर सारखा करत, पुन्हा सारखा करत.

"डबा भरलाय म्हणे तुमचा," ती म्हणाली.

"दाखवू? झाकण लागत नाही."

"मग काय घ्यावंसं वाटतं तुम्हाला त्यातून?"

"मला काही नको हो, ताई. खरंच काही नको."

तिनं चहाचा घोट घेतला. गोड झाला होता फार. "मीसुद्धा असंच म्हणायचे," ती म्हणाली. "आईच्या वेळी. लोक विचारायचे आणि मी म्हणायचे, सगळं आहे. आणि दार लावल्यावर स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून उभी राहायचे. मला वाटायचं, मागितलं की संपलं. मग आपल्याजवळ आपलं म्हणून काही राहणार नाही." हे ती कुणाशी तरी पहिल्यांदाच बोलत होती आणि आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटत होतं. काकूंनी काकांकडे बघितलं. मग त्यांची नजर त्या चिकटपट्टीवर थांबली.

"दाढी," काकू एकदम म्हणाल्या.

"काय?"

"ह्यांची दाढी. मला नाही जमत. कातडी सैल पडलीय त्या बाजूची, वस्तरा अडकतो. परवा कापलं. रक्त थांबेना. ह्यांनी हूं का चूं केलं नाही, नुसते बघत राहिले माझ्याकडे." त्यांनी तोंड फिरवलं. "पूर्वी रोज दाढी करायचे. पाच मिनिटं उशीर झाला तरी चिडायचे. आता असा अवतार करून बसवते मी त्यांना खिडकीत. सलूनमध्ये नेता येत नाही, जिना उतरवत नाही. आणि त्याला वर बोलवायचं म्हणजे... कसं बोलवायचं? तो येईल हो. आणि पैसे घेणार नाही. आणि मग मी जन्मभर त्याला फुकट पाव देत बसू?"

"पैसे नका देऊ. डबा भरलाय ना?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. खरंच झाकण लागत नव्हतं.

सलूनवाला दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी घेऊन वर आला, तेव्हा तीही होती. काकूंनीच म्हटलं होतं, पहिल्या वेळी तुम्ही असा. एरवी अखंड बडबडणारा तो माणूस दारातच गप्प झाला. काका त्याचं जुनं गिऱ्हाईक, शिवाय त्याला कित्येक वर्षं रोज सकाळी 'उठलास का रे आळशा' म्हणून हाक मारणारे. त्यानं पेटी उघडली, फडकं झटकलं, आणि आवाज सापडत नसल्यासारखा म्हणाला, "काकू, आधीच सांगतो. काकांचं मी काही घेणार नाही. हात नाही आणि पाय नाही."

"मग पेटी बंद कर," काकू म्हणाल्या. इतक्या शांतपणे, की त्या चिडल्यात हे तिलाही क्षणभर कळलं नाही. "घेणार असशील तर हात लाव. नाहीतर चहा पी आणि जा. दया दाखवायला या घरात खूप जण येऊन गेले. दाढी करायला कुणी नाही आलं."

सलूनवाल्याचा चेहरा पडला, मग हळूहळू सावरला. "एका दाढीचा एक हात," तो म्हणाला. "घरी येऊन केली तर दोन. मी स्वस्तातला माणूस नाही."

"दोन देईन. पण कापलंस तर एक परत घेईन."

"ही बघा, इथंच घासाघीस सुरू," तो म्हणाला आणि त्याचा आवाज सापडला. तो बोलायला लागला. पुलापलीकडच्या दुकानात म्हणे केस कापायला आधी फोन करावा लागतो, आणि मग पोरगी डोकं धुताना मानेला पाणी लावते की नाकाला ते कळत नाही. त्याची बोटं काकांच्या गालावर सैल पडलेली कातडी दोन बोटांत ताणून धरत होती, आणि वस्तरा त्यावरून असा उतरत होता, की ती श्वास धरून बघत राहिली. काकांचे डोळे मिटले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं अंग कुणाच्या तरी, जे रडत नाही आणि घाबरत नाही अशा, हातात होतं. गुंता निघत गेला आणि खालून ओळखीचा माणूस बाहेर येत गेला. शेवटी सलूनवाल्यानं तळव्यात पाणी घेतलं आणि सवयीनं, न सांगता, दोन्ही गालांवर चापटलं.

"गार!" काका म्हणाले.

काकूंनी विचारलं, अगदी हळू, "काय म्हणालात?" काकांच्या तोंडाची डावी बाजू हलली, उजवी हलली नाही. ते पुन्हा तो शब्द शोधत होते आणि सापडत नव्हता, आणि त्याचा त्यांना राग आला होता हे दिसत होतं. पण एकदा तर आला होता. तिघांनी ऐकला होता. सलूनवाला ओल्या हातांनी तसाच उभा, आणि मग तो रडायला लागला, भोकाड पसरून, लहान मुलासारखा, आणि काकू त्याला म्हणाल्या, "अरे, पाणी सांडतंय." नंतर त्यांनी डब्यातून दोन नोटा मोजून त्याच्या खिशात घातल्या. त्यानं नाही म्हटलं नाही.

जिना उतरताना तिला वाटलं, आपण काही केलं नाही, नुसतं बसून राहिलो. काही लागलं तर सांगा, या वाक्यानं वर्षभर जे झालं नव्हतं ते एका हिरव्या कागदानं झालं, हे विचित्र होतं. की विचित्र नव्हतंच? माणसाला देणाऱ्याच्या उंचीवर उभं राहून घेता आलं पाहिजे. आईला हे कुणी सांगितलं असतं तर? तिला आई आठवली, कुशीवर वळवताना ओठ घट्ट मिटून घेणारी, आणि तिला आईची पहिल्यांदा, राग न येता, कीव न येता, नुसती आठवण आली.

पुढे गाण्याचे सरही वर जाऊ लागले. ते म्हणाले, बोलता न येणारी माणसं कधी कधी सुरावर शब्द सोडतात असं ऐकून आहे, खात्री मी देत नाही, बघू. काकांचा आवाज बसका होता आणि सूर तर त्यांना धडधाकट असतानाही नव्हता, पण त्या खिडकीतून संध्याकाळी काहीतरी ऐकू यायला लागलं, आणि रस्त्यावरची माणसं त्याला गाणं म्हणायची. बेकरीच्या दाराशी हिरवी पट्टी परत लागली. मैद्याला रोख लागतच होती. म्हणून सुनेनं असं ठरवून घेतलं, की पावाचे निम्मे पैसे रोख आणि निम्मे हात. चपला शिवणारा म्हणाला, मी पट्टी काढली नव्हती, धुवायला घेतली होती. कुणी वाद घातला नाही.

शनिवारच्या बैठकीला बंद करायचा विषय निघालाच नाही. काकू मात्र उभ्या राहिल्या. भिंतीला टेकलेल्या नव्हत्या या वेळी. "एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "माझा डबा अडला, तर सगळ्या रस्त्यानं मला दोष दिला. दिलात ना? बरं. मग आता दुसरा डबा कुठं अडलाय ते बघा." आणि त्या तिच्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही सगळ्यांची कामं करता. सगळ्यांचे हात तुमच्याकडे येतात. बाहेर किती जातात? माझ्याकडे येतात ते फक्त पावापुरते. बाकीचे कुठं आहेत?"

सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, कान पुन्हा तापतायत. "आहेत," ती म्हणाली. "ठेवलेत. मला तशी काही फारशी गरज..." आणि ती मधेच थांबली, कारण समोर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि हसत होत्या. सलूनवाला म्हणाला, "बोला, बोला. काही नको ना तुम्हाला?" आणि दवाखान्यात असा हशा पिकला की वरच्या मजल्यावर सरांनी पेटी थांबवली. तीही हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

सोमवारी दुपारी ती टेलरच्या दुकानात गेली. मास्तर मशीनवर होते, झोपलेले नव्हते. बाहेर हवेत गारवा यायला लागला होता आणि दारातून आत येणारा उजेड कापडांच्या ताग्यांवर पडला होता. सून काही तरी उसवत होती. ती सुनेशी दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेली. प्रेसमधून निघताना वाक्य तयार होतं, इथं आल्यावर गेलं. इतकी वर्षं वडिलांचाच जुना कोट ती घालत होती, बाह्या दुमडून. त्यात तिला काही कमी वाटलं नव्हतं, किंवा वाटलं होतं आणि तिनं ते मोजलं नव्हतं.

"कोट शिवायचाय," ती म्हणाली.

"कुणासाठी?" सुनेनं सवयीनं विचारलं.

"माझ्यासाठी."

सुनेनं टेप गळ्यातून काढला. आधी पाठ. दोन खांद्यांमधून बोटं सरकत गेली, टेपचं गार टोक मानेला लागलं. मग छाती, मग कंबर. किती तरी वर्षांत तिच्याभोवती कुणी असे हात फिरवले नव्हते, कामापुरते, न घाबरता. आकडा मास्तर तिकडून लिहून घेत होते. आपण इतक्या रुंद आहोत, इतक्या उंच आहोत, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सुनेनं तागे काढून समोर टाकले. करडा, तपकिरी, गडद निळा. तिचा हात करड्याकडे गेला, कारण तो मळखाऊ, शाई लागली तरी दिसणार नाही. मग तिनं तो उचलला आणि अगदी खालच्या ताग्यावर ठेवला. तांबडा, गाजराच्या जवळ जाणारा. तिला स्वतःलाच हसू आलं.

"हा?" सून म्हणाली. "नक्की?"

"हाच."

"आतून खिसा ठेवू?"

"दोन ठेव."

"आणि घाई नाही ना तुम्हाला? सध्या जरा काम साचलंय."

नाही, सवडीनं दे, हे शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा.

"आहे," ती म्हणाली. "मला लवकर हवाय."